अंजिराच्या गुटीमागची दोन हजार वर्षं

घरच्या अंजिराला गुटी बांधायला, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिची थोडी साल काढून तिथे मुळं फोडायला बसलं की पुढ्यात सामान फार नसतं. धारदार चाकू, भिजवून पिळलेलं शेवाळ, प्लॅस्टिकचा कागद, सुतळी आणि हौशी माणसाकडे मुळं फुटण्याच्या पावडरीची छोटी डबी. काम जेमतेम पाव तासाचं. पण यातली एकेक वस्तू वेगळ्या शतकातून आलेली आहे, आणि सगळ्या एकत्र नांदायला लागल्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. त्याआधी अंजिराच्या फांदीला झाडावरच मुळं फुटावीत म्हणून लोक दोन-दोन वर्षं थांबत.

मुळात एवढा खटाटोप कशासाठी? बी पेरून का भागत नाही? आपल्याकडे बाजारात मिळणारं पुणे अंजीर परागीभवनाशिवाय फळ धरतं. त्यामुळे खाताना दाताखाली कुरकुरणाऱ्या त्या बारीक बिया बहुतेक पोचटच असतात. जिथे परागीभवन होतं तिथल्या बिया रुजतात, पण त्या रोपांतली निम्मी झाडं नर निघतात आणि नराचं फळ खाण्याजोगं नसतं. उरलेल्या माद्यांमध्येही आईची गोडी उतरेल याची हमी नाही. म्हणून आवडलेलं अंजीर पुढे न्यायचं तर त्याच झाडाचा तुकडा घ्यावा लागतो.

ही गोष्ट माणसाला फार लवकर कळली असावी. जॉर्डनच्या खोऱ्यात, जेरिकोजवळच्या गिलगाल इथल्या उत्खननात कोळसा झालेली नऊ अंजिरं सापडली. ती सुमारे ११,२०० ते ११,४०० वर्षांपूर्वीची आहेत. २००६ मध्ये कीस्लेव्ह, हार्टमन आणि बार-योसेफ या संशोधकांनी मांडलं की ही परागीभवनाविना वाढलेली फळं आहेत आणि अशी झाडं माणसाने फांद्या लावूनच टिकवली असणार. त्यावर वादही झाला, कारण रानातल्या मादी झाडांवरही कधी कधी अशी फळं धरतात. वादाचा निकाल काहीही लागो, अंजिराची फांदी ओल्या मातीत खोचली तर लागते हे समजायला शाळा लागत नाही. हे झाड वड-उंबराच्या गोतातलं, आणि वडाच्या पारंब्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत.

फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची, ही पुढची पायरी मात्र विचारपूर्वक केलेली आहे. तिचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात स्पष्ट जुनं वर्णन रोमच्या थोरल्या केटोचं आहे. हा तोच केटो, ज्याने सिनेटमध्ये एक ताजं अंजीर दाखवून, हे तीनच दिवसांपूर्वी कार्थेजमध्ये तोडलं आहे, शत्रू एवढा जवळ आहे, असं सुनावल्याची गोष्ट रोमन लेखक प्लिनीने सांगितली आहे. त्यानंतर लवकरच, इसवी सनपूर्व १४९ मध्ये, रोम आणि कार्थेज यांच्यातलं तिसरं प्युनिक युद्ध सुरू झालं. शेतीवर लिहिताना हाच माणूस अगदी जमिनीवर येतो. त्याची कृती अशी : बुडाला भोक असलेलं मडकं किंवा टोपली घ्या, जिवंत फांदी तिच्यातून ओवा, माती भरा, दाबा आणि टोपली झाडावरच राहू द्या. दोन वर्षांची झाली की खालून फांदी कापा आणि टोपलीसकट लावा. कलम करायच्या झाडांच्या त्याच्या यादीत अंजीर आहेच, जोडीला ऑलिव्ह आणि डाळिंबही आहेत.

यात साल काढण्याचा उल्लेख नाही. दोन वर्षं लागायचं एक मोठं कारण मला तेच वाटतं. दुसरं कारण पाणी. उन्हाळ्यात झाडावर टांगलेल्या टोपलीतली माती किती लवकर कोरडी पडते हे गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्याला सांगायला नको.

केटोनंतर शंभरेक वर्षांनी लिहिणारा रोमन लेखक व्हॅरो तर सांगतो की अंजीर बियांपेक्षा फांदीपासून लावलेलं बरं, बिया फक्त समुद्रापार पाठवायच्या किंवा तिकडून आणायच्या तेव्हाच. त्यासाठी पिकलेल्या अंजिरांतून दोरा ओवून माळा करायच्या, वाळवायच्या आणि धाडायच्या. परदेशी जातीची अंजिरं इटलीत अशी पोचली. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत फांद्यांपासून लावायच्या झाडांची नावं दिली आहेत. त्यांत फणस, अशोक, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष आहेत, आणि फांदीला शेणाचा लेप द्यायला सांगितलं आहे. अंजीर त्या यादीत नाही.

सालीचं कोडं युरोपात सतराव्या शतकात सुटू लागलं. इटालियन वैद्य मार्चेल्लो माल्पिगी याने फांदीवरची साल गोल कड्यासारखी काढून पाहिली. कड्याच्या वरच्या बाजूला फांदी फुगली, खाली काही फुगली नाही. म्हणजे पानांत तयार झालेलं काहीतरी सालीतून खाली येतं आणि तिथे अडतं. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर जातच राहतं, म्हणून पानं कोमेजत नाहीत. गुटीचं सगळं मर्म या एका निरीक्षणात आहे. पण अडतं ते नेमकं काय, हे कळायला आणखी अडीचशे वर्षं गेली. साखर तर अडतेच, तिच्याबरोबर ऑक्सिन नावाचं संप्रेरकही साठतं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्प्सन इन्स्टिट्यूटमध्ये झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवून दिलं की इंडोल ब्युटिरिक अ‍ॅसिडसारखी कृत्रिम द्रव्यंही मुळं फोडतात. रोपवाटिकांत ज्याला नुसतं आयबीए म्हणतात ते हेच. खरं सांगायचं तर अंजिराला त्याची गरज फारशी पडत नाही.

पाण्याचा प्रश्न मात्र तसाच होता, आणि या प्रश्नावर बंगालच्या माळ्यांनी शोधलेली युक्ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते. १८६० च्या दशकात तिथे राहणाऱ्या पाद्री फर्मिंजर यांनी ती नोंदवून ठेवली. साल काढलेल्या जागी मातीचा गोळा थापून त्याला काथ्यासारखं काहीतरी गुंडाळायचं. वर एक लहान मडकं टांगायचं, त्याच्या बुडाला भोक. भोकातून दोरी काढायची, आत गाठ मारायची आणि दोरीचं दुसरं टोक गोळ्याभोवती वेढायचं. मडक्यात पाणी भरलं की ते दोरीवरून थेंबथेंब उतरत राहतं. आज ठिबक सिंचनाचं कौतुक करताना या मडक्याची आठवण ठेवायला हवी.

मडकं भरायचं काम संपवलं ते प्लॅस्टिकने. पॉलिथिन १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत अपघातानेच हाती लागलं, आणि दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या तारांवर वेष्टण म्हणून वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर फ्लोरिडातले लिचीचे बागायतदार कर्नल विल्यम ग्रोव्ह यांनी ते गुटीभोवती गुंडाळलं. हा कागद हवा थोडी आत-बाहेर जाऊ देतो, ओल मात्र धरून ठेवतो. अर्नोल्ड आर्बोरेटम या अमेरिकेतल्या वृक्षोद्यानाच्या डोनाल्ड वायमन यांनी पुढे त्याचे प्रयोग करून ही पद्धत सर्वांसमोर मांडली. एकदा बांधलं की पाणी घालायला नको, आणि आत मुळं आली का तेही बाहेरून दिसतं. टोपलीची दोन वर्षं काही आठवड्यांवर आली.

प्रत्यक्ष करताना पावसाळ्याची सुरुवात साधावी. अंगठ्याहून बारीक, मागच्या वर्षीची फांदी निवडावी आणि अडीच सेंटीमीटर रुंदीचं सालीचं कडं काढावं. साल निघाली की आतला निसरडा थर बोटाला लागतो. तो चाकूच्या पाठीने खरवडून काढणं महत्त्वाचं, नाहीतर साल पुन्हा जुळते आणि मुळं येतच नाहीत. कापल्यावर पांढरा चीक वाहतो. तो हाताला लागून वर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून हातमोजे घालावेत. शेवाळ पिळून घ्यावं, निथळतं ठेवू नये. मुळं आधी पांढरी दिसतात, मग तपकिरी होतात. तशी झाली की गुटीच्या खालून कापावं आणि कुंडीत लावून काही दिवस सावलीत ठेवावं.

फाटे कलमानेही, म्हणजे कापलेली फांदी सरळ मातीत खोचूनही, अंजीर सहज होतं, आणि मोठ्या संख्येने रोपं हवी असली तर तेच सोयीचं. पण कापलेल्या फांदीला आधी पानं फुटून, मुळं यायच्या आत ती वाळते किंवा पावसात कुजते, हा अनुभव अनेकांचा आहे. गुटी फसली तरी फांदी आईच्याच अंगावर असते. घरी एक-दोनच झाडं हवी असणाऱ्याने म्हणून गुटीच बांधावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणत्या झाडाची बांधायची, हाही प्रश्न आहे. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात तुर्कस्तानातून स्मिर्ना जातीची कलमं नेली, झाडं वाढली, पण फळं गळून पडत. त्यांच्या परागीभवनासाठी उंबर फोडल्यावर उडणाऱ्या केंबरांसारखी एक बारीक गांधीलमाशी हवी असते. ती १८९९ मध्ये फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंग यांच्या बागेत स्थिरावली तेव्हा कुठे ती फळं टिकली. पुणे अंजिराला अशा माशीची गरज नसते, त्यामुळे गच्चीवरचं एकटं झाडही फळतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं अंजिरावर काम करणारं केंद्र त्याच तालुक्यात जाधववाडीला आहे. फांदीसाठी दूर जायची गरज नाही.

फक्त मागायच्या आधी झाडाची पानं नीट बघावीत. फांदीबरोबर गोडी येते तसा रोगही येतो. अंजिरावरचा मोझॅक रोग १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात काँडिट आणि होर्न यांनी नोंदवला. तो विषाणूचा आहे, एका सूक्ष्म कोळ्यातून आणि कलमांतून पसरतो, आणि झाडाला एकदा लागला की औषधाने जात नाही. पानांवर पिवळसर, अस्पष्ट कडांचे डाग आणि वेडीवाकडी पानं दिसली तर मालक कितीही आग्रहाने देत असला तरी त्या झाडाची गुटी घेऊ नये.