पौलाने कुतूहल सोडायला सांगितलेले नाही

‘प्रौढ झाल्यावर पोरपण सोडले’ या प्रेषित पौलाच्या वचनावरून (बायबलमधले करिंथकरांस पहिले पत्र, १३:११) कल्पनाशक्ती आणि नवल वाटणे हे अपरिपक्व विश्वासाचे लक्षण ठरवले जाते. ते चूक आहे. घोळ होतो तो वचन एकटे उचलल्यामुळे. त्याच अध्यायातली ८ ते १२ ही वचने सलग वाचा: विषय अपुऱ्या ज्ञानाचा आहे, बालपण ही फक्त उपमा. शिवाय लगेच पुढे पौल म्हणतो, आता आपल्याला आरशात अंधूक दिसते. मग नवल संपेल कसे? त्याच पत्रात १४:२० मध्ये तो दुष्टपणात तान्हे, पण समजुतीत प्रौढ व्हायला सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात (१८:३-४) येशू सांगतो ते ‘मुलांसारखे होणे’ म्हणजे नम्रता, अजाणपणा नव्हे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये, तिशी उलटल्यावर बाप्तिस्मा घेतला. प्रौढपणी विश्वास स्वीकारूनही त्यांचे नवल संपले नाही: मराठी त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणूनच ओळखते.