तालांवाची पावती हरवली तर काय करावे?

तालांव म्हणजे वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल होणारा दंड, म्हणजेच चलान. त्याची पावती हरवली म्हणून दंड माफ होत नाही, आणि तेवढ्याने वाढतही नाही. गोव्यात वाहतूक पोलीस किंवा वाहतूक खात्याचे अधिकारी यंत्रातून पावती काढून देतात, तेव्हा तिची नोंद केंद्र सरकारच्या ई-चलान प्रणालीत झालेली असते. मेरशी जंक्शनवरच्या कॅमेऱ्याने पकडले तर हातात कागद येतच नाही, मोबाईलवर संदेश येतो.

पण आधी हे आठवा: हरवलेला कागद नुसत्या दंडाचा होता, की लायसन्स जप्त केल्याची पोच होती? मोटार वाहन कायद्याच्या कलम 206 खाली लायसन्स काढून घेताना पोलीस जी तात्पुरती पोच देतात, तिच्या आधारावरच तुम्ही त्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवू शकता. ती हरवली असेल तर ऑनलाइन शोधाशोध नंतर करा. ज्या वाहतूक कक्षाने कारवाई केली, मग तो पणजीचा असो, म्हापशाचा, फोंड्याचा की मडगावचा, तिथे त्याच दिवशी जा. गाडीचा आरसी, ओळखपत्र आणि लायसन्सची प्रत किंवा नंबर घेऊन जा. कारवाईची तारीख, अंदाजे वेळ आणि जागा सांगितली की नोंद शोधणे सोपे जाते. पोच हरवल्याचा साधा लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. गाडीच जप्त झाली असेल तरीही असेच करा.

नुसता दंड असेल तर काम घरबसल्या होते. परिवहन मंत्रालयाच्या ई-चलान संकेतस्थळावर चलानाचा क्रमांक, गाडीचा क्रमांक किंवा लायसन्सचा क्रमांक यांपैकी काहीही टाकून शोधता येते. गाडीच्या क्रमांकाने शोधताना चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे लागतात, ते आरसीवर असतात. एका क्रमांकाने काही दिसले नाही तर दुसऱ्याने शोधा. चलान सापडले की त्याची प्रत उतरवून घ्या आणि गुन्हा, जागा, तारीख नीट वाचा. चूक वाटली तर पैसे भरण्याआधीच तक्रार करा, भरल्यावर ती करणे कठीण जाते.

गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, किंवा काळ्या पाटीची भाड्याची दुचाकी असेल, तर संदेश मालकाच्या मोबाईलवर जातो. मालकाला लगेच कळवा. त्याच्या वतीने कक्षात जायचे असेल तर त्याचे सहीचे पत्र आणि आरसीची प्रत सोबत ठेवा.

पैसे खात्यातून गेले आणि चलान अजून बाकीच दिसत असेल तर घाईने पुन्हा भरू नका. संकेतस्थळावर अडकलेला व्यवहार तपासण्याची सोय आहे. भरल्याची पावती जपून ठेवा, पुढे गाडी विकताना किंवा नावावर करताना जुने बाकी चलान आडवे येऊ शकते. बरेच दिवस भरले नाही तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. तसे झाले असेल तर कक्षात पैसे घेत नाहीत, न्यायालयातच निकाली काढावे लागते.

हेल्मेटच्या बाबतीत एक गोष्ट लोक विसरतात. गोव्यात 1 एप्रिल 2022 पासून नवे दंड लागू आहेत आणि हेल्मेट नसल्यास 1000 रुपये आहेत, पण त्याच कलमात लायसन्स तीन महिने अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. म्हणून पैसे भरल्यावरही लायसन्सची स्थिती पाहून घ्या.

आणि एक कळकळीचे सांगणे. पावती हरवल्याच्या काळजीत असताना व्हॉट्सॲपवर ‘तुमचे चलान’ म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर ती अजिबात उघडू नका. अशा फाइलने फोनचा ताबा जातो आणि बँक खाते रिकामे होते. सरकारी चलानासाठी कुठलीही एपीके फाइल उतरवावी लागत नाही, आणि खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. ज्यांचा फोन मुले-नातवंडे हाताळतात, त्यांनी घरात हे आजच सांगावे.