रिंग वाजते, पण आवाज येत नाही: सिप आणि आरटीपी

इंटरनेटवरून फोन जोडणाऱ्या अ‍ॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअरचा नवा सर्व्हर उभा केला. एक फोन घरातल्या वायफायवर, दुसरा बाहेर मोबाइल डेटावर. दोन्ही रजिस्टर झाले. कॉल लावला, रिंग वाजली, समोरून उचलला, आणि पुढे नुसती शांतता. इथे नवशिके पासवर्ड बदलतात, डायलप्लॅन (कोणता नंबर कुठे जोडायचा त्याचे नियम) पुन्हा लिहितात, काही जण तर सर्व्हरच पुसून नव्याने बसवतात. त्यांच्या वाया गेलेल्या रात्रींचं मला खरंच वाईट वाटतं, कारण रिंग वाजली याचा अर्थ पासवर्ड आणि डायलप्लॅन दोन्ही ठीक आहेत.

कॉलचे रस्ते दोन असतात. सिप (कॉल जोडण्या-तोडण्याचा प्रोटोकॉल) बोलणी करतं: कोण कुणाला फोन लावतोय, कुणी उचलला, कुणी ठेवला. त्याचं नेहमीचं पोर्ट, म्हणजे आत येण्याचं क्रमांकाचं दार, ५०६०. प्रत्यक्ष आवाज मात्र त्या वाटेने जातच नाही. तो नेतं आरटीपी (आवाजाची पॅकेट वाहून नेणारा प्रोटोकॉल), वेगळ्या यूडीपी (पोच न मागता पॅकेट पाठवण्याची पद्धत) पोर्टांवरून. अ‍ॅस्टेरिस्कच्या नमुना फाइलमध्ये ती १०००० ते २०००० अशी दिलेली असतात. जी.७११ कोडेक (आवाजाचं आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत) आणि २० मिलिसेकंदांची पॅकेट असतील, तर एका दिशेने सेकंदाला ५० पॅकेट धावतात. राउटरवर फक्त ५०६० उघडलं, तर बोलणी पार पडतात आणि आवाज दारातच अडतो.

पोर्ट उघडूनही शांतताच असेल, तर गोम बहुधा पत्त्यात असते. आवाज कुठे पाठवायचा हे सिपच्या संदेशाच्या पोटातल्या एसडीपीत (आवाजाच्या तपशिलांचा भाग) लिहिलेलं असतं. अ‍ॅस्टेरिस्कच्या कन्सोलवर 'पीजेसिप सेट लॉगर ऑन' द्या (पीजेसिप म्हणजे त्यातला सिप सांभाळणारा भाग) आणि 'सी' अक्षराने सुरू होणारी ओळ शोधा. सर्व्हरने बाहेरच्या फोनला तिथे १९२.१६८.१.२० असा घरगुती पत्ता कळवला असेल, तर तो फोन बिचारा इमानदारीने त्याच पत्त्यावर आवाज पाठवत राहतो, आणि तो सर्व्हरपर्यंत कधीच पोचत नाही. पीजेसिपच्या ट्रान्सपोर्ट विभागात 'एक्स्टर्नल मीडिया अ‍ॅड्रेस' आणि 'लोकल नेट' भरले की सर्व्हर बाहेरच्यांना सार्वजनिक पत्ता सांगू लागतो.

मग 'आरटीपी सेट डीबग ऑन' द्या. नुसत्या 'सेंट'च्या ओळी धावत असतील आणि 'गॉट' एकही नसेल, तर सर्व्हर बोलतोय, पण त्याला ऐकू काहीच येत नाहीये. कोणती बाजू अडली, ते इथेच कळतं.

रजिस्टरच होत नसेल, तर ते सिपचं दुखणं. आरटीपीला हात लावू नका. लॉगमध्ये पहिल्यांदा दिसणाऱ्या ४०१ या सिप उत्तराने मात्र घाबरू नये. सर्व्हर ओळख मागतोय, एवढाच त्याचा अर्थ. ४०१ पुन्हा पुन्हा आलं तरच पासवर्ड तपासा.

एक दुखणं मात्र हमखास फसवतं. आवाज दोन्हीकडे स्वच्छ येतो, आणि साधारण ३२ सेकंदांनी कॉल तुटतो. आवाज गेला म्हणून लोक आरटीपीच्या मागे लागतात, पण बहुतेकदा दोष सिपचा असतो: फोन उचलल्याच्या निरोपाची पोच, म्हणजे एसीके, परत आलेली नसते. ती न आल्याने तोच निरोप पुन्हा पुन्हा जातो आणि मुदत संपली की कॉल बंद होतो. अशा वेळी आधी राउटरमधलं 'सिप एएलजी' बंद करून बघा. ते संदेशांतले पत्ते मध्येच बदलतं.