स्वतंत्र संगीत, ऑस्ट्रेलियातील

ऑस्ट्रेलियातील स्वतंत्र संगीत : बहुराष्ट्रीय रेकॉर्ड कंपन्यांशी करार न करता, पदरच्या पैशाने किंवा छोट्या स्थानिक लेबलमार्फत (लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी संस्था) गाणी ध्वनिमुद्रित करून लोकांपर्यंत नेण्याची ऑस्ट्रेलियातील पद्धत, आणि त्यावर पोट भरणाऱ्या कलावंतांचा व्यवसाय. रॉक, पंक, लोकसंगीत, कंट्री, हिपहॉप असे कोणतेही संगीत यात बसते. ‘इंडी’ नावाची एक शैलीही प्रचलित आहे, पण या नोंदीत शैलीचा प्रश्न नाही. मूळ मुद्रणाची मालकी कोणाची आणि दौऱ्याचा खर्च कोणाच्या खिशातून, एवढेच पाहायचे आहे.

हा व्यवसाय समजून घ्यायचा तर आधी नकाशा पाहावा. महाराष्ट्राच्या सुमारे २५ पट क्षेत्रफळ आणि महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही कमी लोकसंख्या, तीही बरीचशी समुद्रकाठच्या पाच-सहा शहरांत एकवटलेली. मेलबर्नहून सिडनी रस्त्याने सुमारे ८८० किमी. व्हॅनमध्ये सामान टाकून निघाले की दिवस त्यातच जातो. अ‍ॅडलेडहून पर्थ सुमारे २,७०० किमी. वाटेत नलारबोरचे उजाड मैदान लागते आणि त्यातल्या एका टप्प्यात १४६ किमी रस्त्याला एकही वळण नाही. तिन्हीसांजेनंतर कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे रात्रीची गाडी शक्यतो टाळली जाते. मग पर्थचा कार्यक्रम एकतर गळतो किंवा विमानाने जाऊन ड्रम आणि अ‍ॅम्प्लिफायर तिथेच भाड्याने घ्यावे लागतात. ‘राष्ट्रीय दौरा’ जाहीर होतो आणि यादीत पर्थ नसते, ही तिथल्या रसिकांची जुनी तक्रार आहे. एवढ्या लहान आणि विखुरलेल्या बाजारपेठेत मोठ्या कंपन्या नव्या माणसावर पैसा लावायला कचरत. त्यामुळे स्वतःचे स्वतः करणे हे इथे तत्त्व होण्याआधी निकड होती.

या परंपरेचा आरंभ म्हणून साधारणपणे ब्रिस्बेनच्या ‘द सेंट्स’ या बँडकडे बोट दाखवले जाते. ब्रिस्बेन ज्या राज्याची राजधानी त्या क्वीन्सलँडमध्ये तेव्हा मुख्यमंत्री जो ब्येल्के-पीटरसन यांचे कडक राज्य होते आणि तरुणांच्या कार्यक्रमांवर पोलिसांचा डोळा असे. कोणी मंच देईना म्हणून या मुलांनी राहत्या घरातच ‘क्लब ७६’ थाटला. १९७६ मध्ये त्यांनी ‘फेटल रेकॉर्ड्स’ हे स्वतःचे लेबल काढून एक सिंगल (एखाद-दोन गाण्यांची छोटी तबकडी) छापली आणि तिच्या प्रती टपालाने पत्रकारांना व रेडिओ केंद्रांना धाडल्या. मायदेशात कोणी फारसे ढुंकूनही पाहिले नाही. लंडनच्या ‘साउंड्स’ साप्ताहिकाने मात्र ती डोक्यावर घेतली आणि लंडनहून सूचना आल्यावर ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीच्या सिडनी कार्यालयाने बँडशी करार केला. परदेशात नाव झाले की घरचे जागे होतात, हा अनुभव पुढच्या अनेकांनी घेतला. ब्रिस्बेनच्याच ‘द गो-बिट्वीन्स’ या बँडने १९७८ मध्ये ‘एबल लेबल’वर पहिली सिंगल काढली आणि नंतरची बरीच वर्षे लंडनमध्ये काढली. ज्या शहरात त्यांना जागा नव्हती त्या शहराने २०१० मध्ये नदीवरच्या एका पुलाला त्यांचे नाव दिले!

पर्थच्या ‘द ट्रिफिड्स’ या बँडची गोष्ट जराशी निराळी. लंडनमधल्या वास्तव्यातून घरी आले असताना त्यांनी १९८६ चा एक अल्बम गायक डेव्हिड मॅककोंब यांच्या कुटुंबाच्या शेतावर, मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या शेडमध्ये, आठ ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केला. महागड्या स्टुडिओचे भाडे टाळण्याची ही युक्ती होती, पण त्या जागेचा पोकळ, लाकडी नाद गाण्यांत असा उतरला की आज तो त्यांच्या उत्तम कामांत गणला जातो.

अशा गाण्यांना वाट मिळाली ती रेडिओमुळे. १९७५ च्या जानेवारीत सिडनीत सार्वजनिक प्रसारण संस्थेचे ‘डबल जे’ केंद्र सुरू झाले आणि त्याने पहिलेच गाणे लावले ते व्यावसायिक केंद्रांनी बंदी घातलेले. याच केंद्राचे पुढे ‘ट्रिपल जे’ झाले आणि १९८९ पासून ते देशभर पसरले. १९९५ मध्ये त्याने सुरू केलेल्या ‘अनअर्थ्ड’ स्पर्धेतून लिस्मोरचा ‘ग्रिनस्पून’ बँड आणि नंतर गायिका मिसी हिगिन्स पुढे आल्या. आता ‘अनअर्थ्ड’ हे संकेतस्थळ आहे. कोणीही आपले गाणे तिथे चढवू शकतो. याच्या जोडीला श्रोत्यांच्या वर्गणीवर आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी सामुदायिक केंद्रे आहेत. ब्रिस्बेनचे ‘४ झेडझेडझेड’ १९७५ चे, मेलबर्नचे ‘३ आरआरआर’ त्यानंतरचे, सिडनीचे ‘एफबीआय’ २००३ चे. नवे गाणे आले की कलावंत आधी यांच्याकडे जातो. मुलाखत साधारण ठरलेल्या वळणाची असते : गाणे कसे सुचले, कोणाच्या घरी मुद्रित केले, दौरा कोणत्या गावापासून. नोकरी सोडली का, हा प्रश्नही बहुधा येतोच, आणि उत्तर बहुधा ‘अजून नाही’.

कारण हिशेब जुळत नाही. स्ट्रीमिंगमधून एका ऐकण्यामागे सेंटचा अंश मिळतो. लहान पबमध्ये दरवाजावर जमलेल्या तिकिटांतून आधी ध्वनियोजकाचे पैसे जातात आणि उरलेल्यात तीन-चार बँडची वाटणी होते. पेट्रोल सुटते ते टी-शर्ट आणि रेकॉर्ड विकून. म्हणून कार्यक्रम संपल्यावर घामाने निथळणारा गायकच विक्रीच्या टेबलामागे उभा दिसतो. गीतकारांच्या हक्कांची वसुली करणाऱ्या ‘एप्रा’ या १९२६ पासूनच्या संस्थेकडे वाजवलेल्या गाण्यांची यादी भरून पाठवली, तर पुढे त्याचेही थोडे मानधन येते. नवे कलावंत ही यादी भरायचा कंटाळा करतात आणि हक्काच्या पैशावर पाणी सोडतात.

पब हा या व्यवसायाचा खरा रंगमंच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उपनगरी पबांत घसा फोडून गाणारे बँड घडले. १९९७ नंतर न्यू साउथ वेल्समधल्या पबांना जुगाराची पोकर यंत्रे ठेवण्याची पूर्ण मुभा मिळाली आणि कित्येक ठिकाणी मंचाच्या जागी यंत्रांची रांग आली. मेलबर्नने त्या मानाने तग धरला, पण तोही भांडून. कॉलिंगवूड भागातला ‘द टोट’ हा पब, बिअर सांडून सांडून चिकट झालेल्या गालिच्यासाठी प्रसिद्ध. नव्या परवाना-नियमांत गाणे-बजावणे म्हणजे ‘उच्च धोका’ ठरले, सुरक्षारक्षकांचा खर्च झेपेना, आणि २०१० च्या जानेवारीत टोट बंद पडला. २३ फेब्रुवारीला हजारो लोक मेलबर्नमधल्या राज्याच्या संसद भवनावर चालून गेले. तारीख मुद्दाम निवडलेली होती : १९७६ मध्ये याच दिवशी एसी/डीसी बँडने उघड्या ट्रकवर उभे राहून मेलबर्नच्या रस्त्यातून गात जाण्याचे प्रसिद्ध चित्रीकरण केले होते. सरकारने नमते घेतले आणि टोट पुन्हा उघडला. २०१४ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने आणखी एक नियम केला : जुन्या संगीतस्थळाशेजारी नवी इमारत बांधणाऱ्याने आवाजापासूनचा बंदोबस्त स्वतः करावा. २०२३ मध्ये टोट विक्रीला निघाला तेव्हा रसिकांनी सुमारे ३० लाख डॉलरची वर्गणी जमवली.

उत्सवांमध्ये मेरेडिथचा उल्लेख करायलाच हवा. १९९१ पासून व्हिक्टोरियातल्या एका शेतावर भरणारा हा उत्सव व्यावसायिक प्रायोजक घेत नाही आणि मंच एकच ठेवतो, त्यामुळे कोणाचे गाणे दुसऱ्याच्या गोंगाटात बुडत नाही. एखादा बँड मनापासून आवडला की प्रेक्षक पायातला बूट काढून उंच धरतात. आपल्याकडे गायकाला जोडा दाखवला तर अर्थ वेगळा होईल. तिथे तो सर्वोच्च मान.

स्वतःचे लेबल काढण्याचे पर्व पश्चिम ऑस्ट्रेलियातून बहरले. आल्बनीच्या दोन बहिणी आणि ब्रूममध्ये भेटलेला एक गिटारवादक यांचा ‘द वेफ्स’ हा बँड व्हॅनमधून गावोगाव फिरून वाढला. २००२ मध्ये त्यांनी, फ्रीमँटलच्या रस्त्यावर वाजवून पुढे आलेल्या जॉन बटलर यांनी आणि व्यवस्थापक फिल स्टीव्हन्स यांनी मिळून ‘जाराह रेकॉर्ड्स’ काढली. दोनच वर्षांनी जॉन बटलर त्रयीचा अल्बम थेट देशाच्या विक्री-यादीत पहिला आला. मेलबर्नमध्ये गायिका कोर्टनी बार्नेट बारमागे काम करत असताना, आजीकडून पैसे उसने घेऊन २०१२ मध्ये त्यांनी ‘मिल्क! रेकॉर्ड्स’ सुरू केली. पुढे गायक-गीतकार जेन क्लोहर यांची साथ मिळाली. पुढे ग्रॅमीच्या ‘सर्वोत्तम नवोदित कलाकार’ या विभागात बार्नेट यांना नामांकन मिळाले. नाव जगभर झाले तरी लेबल चालवणे हे वेगळेच ओझे असते. २०२३ च्या अखेरीस मिल्क! बंद झाली.

मूळनिवासी कलावंतांत जेफ्री गुरुमुल युनुपिंगू यांची वाटचाल सर्वांत विलक्षण. उत्तर किनाऱ्याजवळच्या एल्को बेटावरचे, जन्मांध, डावखुरे, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवणारे. डार्विनच्या ‘स्किनीफिश म्युझिक’ या छोट्या लेबलने २००८ मध्ये त्यांचा योल्ङु या तिथल्या मूळनिवासी समाजाच्या भाषांतला अल्बम काढला. गुरुमुल स्वभावाने बुजरे. मुलाखतीत ते गप्प बसत आणि लेबलचे मायकेल होनेन त्यांच्या वतीने बोलत. नव्या गाण्याबद्दल सतत बोलत राहावे लागणाऱ्या या धंद्यात न बोलता मोठा झालेला हा दुर्मीळ माणूस. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. मृताचे नाव न घेण्याची तिकडची प्रथा आहे, पण कुटुंबाने नाव वापरण्यास परवानगी दिली. २०१८ मध्ये त्यांचा अखेरचा अल्बम देशाच्या विक्री-यादीत पहिला आला. मूळनिवासी भाषेतल्या अल्बमला हा मान प्रथमच मिळाला.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचा धागाही या क्षेत्रात सापडतो. मेलबर्नच्या ‘द बॉम्बे रॉयाल’ या बँडने साठ-सत्तरच्या दशकांतल्या हिंदी चित्रपटगीतांच्या धाटणीची नवी गाणी हिंदी, बंगाली व इंग्रजीत बांधून २०१२ मध्ये ‘होप स्ट्रीट रेकॉर्डिंग्ज’ या स्थानिक लेबलवर अल्बम काढला.

अलीकडे विम्याचे हप्ते आणि प्रवासखर्च वाढल्याने मोठे उत्सव कोसळत आहेत. २०२४ मध्ये ‘स्प्लेंडर इन द ग्रास’ आणि ‘ग्रूव्हिन द मू’ दोन्ही रद्द झाले. त्याच वर्षी संसदीय समितीने प्रत्यक्ष मंचावरच्या संगीताच्या स्थितीची चौकशी हाती घेतली. त्याआधी, २०२३ मध्ये, ‘म्युझिक ऑस्ट्रेलिया’ ही सरकारी संस्था स्थापन झाली होती. या काळात सर्वांत धाडसी प्रयोग केले ते मेलबर्नच्या ‘किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड’ या बँडने. २०१७ मध्ये वर्षात पाच अल्बम काढताना त्यांतला एक मूळ मुद्रण आणि मुखपृष्ठासकट फुकट देऊन टाकला; ज्याला हवे त्याने छापावा आणि विकावा. जगभरच्या छोट्या लेबलांनी तो छापलाही. २०२५ च्या जुलैत, स्पॉटिफायच्या प्रमुखाने लष्करी तंत्रज्ञानात पैसा गुंतवल्याच्या निषेधार्थ, त्यांनी आपली गाणी तिथून काढली आणि बँडकँप या, कलावंतांना थेट गाणी विकू देणाऱ्या संकेतस्थळावर ‘वाटेल ती किंमत द्या’ म्हणून ठेवली. वर्षभर जगभर फिरणाऱ्या बँडला हे जमते. पहिलीच सिंगल घेऊन निघालेल्याला स्पॉटिफाय सोडणे अजून तरी परवडत नाही.