उत्सर्जनाचा हिशेब कसा मांडतात?

एक लिटर डिझेल जाळलं, की साधारण २.६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पहिल्यांदा ऐकताना हे खरं वाटत नाही, कारण लिटरभर डिझेलचं वजनच ८४० ग्रॅमच्या आसपास असतं. मग वरचं वजन येतं कुठून? हवेतून. त्या लिटरमध्ये सुमारे ७२० ग्रॅम कार्बन असतो आणि जळताना त्याचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो. कार्बनचा अणुभार १२, ऑक्सिजनचा १६. म्हणजे १२चे ४४ होतात. ७२० ग्रॅमचं याच प्रमाणात गणित केलं, की उत्तर हाती येतं.

कंपन्या पर्यावरण आणि समाजावरच्या परिणामांची माहिती ज्यात देतात, त्या शाश्वतता अहवालातले उत्सर्जनाचे आकडे बहुतेक असेच निघतात. धुराड्यात यंत्र बसवून वायू मोजणं मोठ्या वीजकेंद्रांसारख्या मोजक्या ठिकाणी होतं. बाकीकडे इंधनाची बिलं आणि विजेच्या मीटरच्या नोंदी गोळा करून त्यांना ठरलेल्या ‘उत्सर्जन गुणांका’ने, म्हणजे वरच्या लिटरमागे २.६ किलोसारख्या आकड्याने, गुणतात. अहवालातला आकडा हा मुख्यतः गणिताचा आकडा असतो, हे वाचकाने आधी लक्षात घ्यायला हवं.

या हिशेबाची जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे २००१ साली आलेला ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’. त्यात तीन कप्पे आहेत. कंपनीच्या स्वतःच्या बॉयलरमधून, गाड्यांमधून निघतं ते स्कोप १. विकत घेतलेली वीज तयार होताना दुसरीकडे निघतं ते स्कोप २. कच्च्या मालापासून ग्राहकाच्या वापरापर्यंतचं उरलेलं सगळं स्कोप ३, आणि त्याचे १५ प्रकार. मोटारी बनवणाऱ्या कंपनीचा विचार करा. तिच्या कारखान्यातल्या धुरापेक्षा तिने विकलेल्या गाड्या आयुष्यभर जे इंधन जाळतात त्याचं उत्सर्जन कितीतरी जास्त असतं. स्कोप ३ गाळलेला अहवाल अशा कंपनीबद्दल जवळपास काहीच सांगत नाही.

पण सगळ्यात कच्चे आकडेही इथलेच. पुरवठादाराकडून माहिती मिळाली नाही, तर खरेदीवर किती पैसे खर्च झाले यावरून उत्सर्जनाचा अंदाज बांधतात. अशा हिशेबात मालाची किंमत वाढली, की माल तेवढाच असूनही उत्सर्जन कागदावर वाढतं; घासाघीस करून माल स्वस्तात घेतला, की घटतं. हवेत मात्र काहीच बदललेलं नसतं. म्हणून आकडा कोणत्या पद्धतीने काढला, हे सांगणारी तळटीप मला आकड्याइतकीच मोलाची वाटते.

भागाकारही तपासावा. ‘प्रत्येक नगामागे उत्सर्जन २० टक्क्यांनी घटलं’ हे विधान खरं असू शकतं. पण त्याच काळात उत्पादन ५० टक्क्यांनी वाढलं असेल, तर ०.८ गुणिले १.५ म्हणजे १.२, एकूण उत्सर्जन २० टक्क्यांनी वाढलेलं असतं. वातावरणाला एकूण बेरीज तेवढी कळते.

अहवाल कोणासाठी, यावरही त्याचा आशय ठरतो. २०२३ साली आंतरराष्ट्रीय शाश्वतता मानक मंडळाने (आयएसएसबी) आणलेली ‘आयएफआरएस एस१’ आणि ‘एस२’ ही मानकं गुंतवणूकदाराला समोर ठेवतात: हवामानबदलामुळे कंपनीचं काय होईल? ‘जीआरआय’ (ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह) या संस्थेची मानकं उलट बाजूने विचारतात, की कंपनीमुळे जगाचं काय होतंय? पुराची भीती सविस्तर मांडणारी कंपनी स्वतः नदीत काय सोडते, ते पहिल्या प्रकारच्या अहवालात कदाचित दिसणारही नाही.

शेवटी तपासनिसाचं पत्र असतं, तेही वाचावं. आर्थिक ताळेबंदाच्या लेखापरीक्षणात ‘वाजवी’ खात्री दिली जाते, म्हणजे सखोल तपासणीनंतर आकडे योग्य असल्याचं थेट मत. शाश्वततेच्या आकड्यांना बहुतेक वेळा ‘मर्यादित’ खात्रीच मिळते. तिचा अर्थ एवढाच, की जेवढं तपासलं तेवढ्यात आकडे चुकीचे असावेत असं वाटण्याजोगं काही आढळलं नाही.