होतंय की!

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी सात वर्षं मशीनवर काम केलं. मालक असो, सुपरवायझर असो की गिऱ्हाईक, कुणीही विचारलं, ‘शुक्रवारपर्यंत जॉब होतंय काय?’ की उत्तर ठरलेलं: ‘होतंय की!’ हे काही वचन नसतं आणि विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तुमचं ऐकलं, मान ठेवला, बाकी बघू, एवढाच त्याचा अर्थ.

जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका मशीन शॉपमध्ये पहिल्याच महिन्यात फोरमनने हाच प्रश्न विचारला आणि माझ्या मोडक्या जर्मनमधून ‘होतंय की’च बाहेर पडलं. शुक्रवारी दुपारी तो खरोखरच जॉब न्यायला आला. जॉब अजून मशीनच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, अर्धाच झालेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडा खायची सवय होती. त्याने शांतपणे विचारलं, ‘होणार नाही हे तुला कधी कळलं?’ मंगळवारी, मी म्हटलं. ‘मग मंगळवारी का नाही सांगितलंस?’

त्या रात्री खोलीवर भात शिजेपर्यंत मी त्याच प्रश्नावर अडून बसलो. नाही म्हणता येत नाही हा माझा स्वभाव? भित्रेपणा? की खानापूर तालुक्यात वाढलेला कुणीच मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाही, एवढंच?

पुढे वाचनात आलं की मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला आहे. हायो अ‍ॅडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली सहा अभ्यास मिळून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकूण १,८७४ माणसं त्यात होती. परदेशात राहिलेल्यांना स्वतःची ओळख जास्त स्पष्ट असते, असं त्यात दिसलं. म्हणजे मी कसा आहे, मला काय पटतं, याबद्दल त्यांची उत्तरं रोज बदलत नाहीत. कारण साधं आहे. घरी आपण जसे वागतो तसेच शेजारीही वागतात, त्यामुळे यातलं माझं किती आणि गावाचं किती हे तपासायची वेळच येत नाही. परक्या मुलखात दिवसातून चारदा कुणीतरी वेगळं वागतं आणि दर वेळी हिशोब करावा लागतो: ही सवय मला खरंच पटते, की नुसती अंगवळणी पडली आहे?

माझा हिशोब गमतीचा निघाला. एकादशी मी आईच्या धाकाने करतो अशी माझी खात्री होती. तिकडे आई नव्हती, विचारणारं कुणी नव्हतं, तरी साबुदाण्यासाठी मी दोन गाड्या बदलून एशियन दुकानात जायचो. उलट पाहुण्याला तीन-तीनदा आग्रह करायची सवय पंधरा दिवसांत गळून पडली. ती माझी नव्हतीच, आत्याची होती. नाही म्हणायला शिकायला मात्र दीड वर्ष लागलं.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. किती देश पाहिले याने फरक पडत नव्हता, परदेशात एकूण किती काळ काढला याने पडत होता. नऊ दिवसांत सात देश उरकून येणाऱ्या आमच्या नातेवाइकांना मी हे अजून सांगितलेलं नाही. शिवाय २०१७च्या एका संशोधनात जास्त देशांचा अनुभव आणि नियमांबद्दलचा ढिलेपणा यांचा संबंध दिसला. इथे एक चालतं, तिथे दुसरं, असं वरचेवर पाहणाऱ्याला शेवटी सगळंच चालतं असं वाटू लागतं.

परदेशात राहिल्याने डोकं अधिक चालतं, असंही म्हणतात. त्यामागे विल्यम मॅडक्स आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांचं २००९चं काम आहे. त्यांनी कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं जुनं कोडं वापरलं. टेबलावर मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली पुठ्ठ्याची डबी. मेणबत्ती भिंतीवर अशी बसवायची की मेण खाली सांडू नये. उत्तर असं: डबी रिकामी करायची, ती टाचण्यांनी भिंतीला ठोकायची आणि तिच्यावर मेणबत्ती उभी करायची. डबी म्हणजे टाचण्या ठेवायची वस्तू, हे मनातून निघालं नाही तर उत्तर सुचत नाही. अमेरिकेतल्या एमबीए विद्यार्थ्यांमध्ये परदेशात राहून आलेल्यांपैकी ६० टक्क्यांना ते सुटलं, न राहिलेल्यांपैकी ४२ टक्क्यांना. नुसत्या प्रवासाचा असा परिणाम दिसला नाही. (कुंद्याच्या रिकाम्या डब्यात बटणं, पावत्या आणि रेशनकार्ड ठेवणाऱ्या माझ्या आईला हे कोडं घालायची माझी हिंमत नाही. ती मेणबत्ती आणायच्या आधीच डबी रिकामी करेल.)

इथे कुणीही शंका काढेल: बाहेर जाणारी माणसं मुळातच वेगळी नसतील कशावरून? असतातही. जर्मनीतल्या युलिया झिमरमन आणि फ्रान्झ नायर यांनी २०१३ साली १,१३४ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परदेशी शिकायला जाणारे आणि घरीच राहणारे, दोघांचीही जाण्याच्या मुदतीआधी आणि नंतर स्वभावाची मोजणी केली. जाणारे निघण्यापूर्वीच जास्त बोलके होते. पण परतल्यावर त्यांच्यात घरी राहिलेल्यांपेक्षा वेगळा बदलही दिसला: नव्या गोष्टींना मन अधिक मोकळं, दुसऱ्याशी जुळवून घेणं जास्त, चिंता कमी. हा बदल बऱ्याच अंशी कशामुळे झाला, तर तिथे जोडलेल्या परदेशी माणसांमुळे.

हे वाचून मी ओशाळलो. माझे पहिले सहा महिने सांगली-कोल्हापूरकडच्या तीन पोरांसोबत गेले होते. पिठलं, क्रिकेट, रविवारी गावाकडे फोन. विमानाने मी जर्मनीत पोचलो होतो, बाकी मुक्काम निपाणीच्या अलीकडे-पलीकडेच. गल्फमध्ये एका खोलीत आठ-आठ गाववाले राहतात त्यांना मी यात धरत नाही. त्यांच्या हातात निवड फारशी नसते, आणि वरचे अभ्यासही विद्यार्थ्यांवर आणि शिकल्या-सवरल्या लोकांवर झालेले आहेत. मला निवड होती.

खरं तर सीमाभागातल्या माणसाला हे सोपं जावं, अशी माझी घमेंड होती. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात हिंदी-उर्दू. इथून जवळच, सांगलीला लागून असलेल्या कुपवाडचा भाषाशास्त्रात मोठा दबदबा आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली दाखवलं की तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारामुळे इतकी सारखी झाली आहे की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेचं वाक्य दुसरीत नेता येतं. शब्द मात्र ज्याचे त्याने राखले. आमच्याकडेही ‘जेवण झालं काय?’ आणि कन्नडमधलं ‘ऊटा आयता?’ एकाच साच्यातून निघाल्यासारखे वाटतात.

पण भाषा बदलता येणं वेगळं आणि स्वतःला तपासणं वेगळं. आम्ही उंबऱ्यावर चप्पल काढावी तशी भाषा बदलतो, का बदलली हे मनात येत नाही. आणि ‘तू कोण?’ या प्रश्नाचं उत्तर तर १ नोव्हेंबर १९५६पासून, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेल्यापासून, आम्हाला तयारच मिळत आलंय. ते माझ्या जन्माआधी ठरलं होतं. मला ते मान्य आहे, पण मी ते कधी स्वतः शोधलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी श्टुटगार्टच्या स्टेशनवर एक नवरा-बायको कन्नडमध्ये भांडत होते. छत्री कुणी विसरली यावरून. गावी ज्या भाषेच्या पाट्या बघून माझ्या कपाळाला आठी पडायची, ती ऐकून मी गर्रकन वळलो आणि चक्क हसलो. हुबळीचे निघाले. छत्री नवऱ्याने विसरली होती. त्यांच्याकडे मी पुढे दर दिवाळीला जेवलो.

परदेशी मनःस्थितीचा आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा असतो, हे १९५५च्या नॉर्वेजियन संशोधनापासून सांगितलं जातं: आधी हुरूप, मग घसरण, मग सावरणं. न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांवरच्या १९९८च्या अभ्यासात मात्र सर्वांत कठीण काळ अगदी सुरुवातीचा निघाला. माझंही तसंच. परतल्यावरची घसरण तेवढी पुस्तकाबरहुकूम झाली. चार वर्षांनी आलो आणि महिनाभर घरच्यांना वेळेवरून बोलत सुटलो. ‘जर्मनीला परत जा जा,’ असं आत्याने तीनदा आग्रहाने सांगितलं.

गेल्या महिन्यात उद्यमबागेतला एक पोरगा भेटायला आला. जर्मनीचा व्हिसा झालाय, सीएनसी मशीनवरच काम. पहिला प्रश्न, ‘तिकडं आपली पोरं आहेत काय, अण्णा?’ मी दोन नंबर दिले. एक आमच्या खानापूरच्या मुलाचा. दुसरा माझ्या शॉपमधल्या एका म्हाताऱ्या टर्नरचा, जो रोज डबा खाताना माझं जर्मन सुधारायचा. पहिला नंबर त्याने तिथेच सेव्ह केला. दुसऱ्याशी काय बोलायचं, असं विचारत बराच वेळ मोबाइल हातात धरून बसला. ‘पोचलास की पहिल्या रविवारी फोन लाव,’ मी म्हटलं.

‘होतंय की!’ तो म्हणाला.