पोर्ट गॅम्बल सॉ मिल

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, किटसॅप द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाकडील खाडीवर १८५३ ते १९९५ अशी १४२ वर्षे चाललेली सॉ मिल, म्हणजे लाकूड कापण्याची गिरणी, आणि तिच्याभोवती वसलेले गाव. इतकी वर्षे सलग चाललेली दुसरी सॉ मिल अमेरिकेत नव्हती, असे मानले जाते.

कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि सॅन फ्रान्सिस्को झपाट्याने वाढले. शहर लाकडाचे, त्यात आगी वारंवार. फळ्या-तुळया पुरत नव्हत्या. पूर्वकिनाऱ्यावरील मेन राज्यातील ईस्ट मचायसचे अँड्र्यू पोप व विल्यम टॅल्बट यांनी ही गरज हेरली. टॅल्बट यांनी जागा निवडली. त्यांचे भागीदार जोसाया केलर करवती व बॉयलर घेऊन, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असलेल्या केप हॉर्नला वळसा घालून आले. काठापर्यंत डग्लस फर या उंच सूचिपर्णी वृक्षाचे जंगल आणि जहाजे थेट धक्क्याला लागतील इतके खोल पाणी, यापेक्षा गिरणीला आणखी काय हवे?

जागा मात्र मोकळी नव्हती. टीकालेट नावाच्या या ठिकाणी स्क्लॅलम या मूलनिवासी लोकांची वस्ती होती. गिरणीत काम आणि घरांसाठी फुकट लाकूड देण्याच्या बोलीवर त्यांना समोरच्या काठावर, पॉइंट जूलिया येथे हलवण्यात आले. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५५च्या पॉइंट नो पॉइंट तहानुसार त्यांनी मूलनिवाशांसाठी राखलेल्या दूरच्या स्कोकोमिश राखीव क्षेत्रात जायचे होते; पण बरेच जण गेलेच नाहीत. होडीने खाडी ओलांडून ते कामावर येत. गिरणीच्या भरभराटीच्या कथेत हे कामगार फार थोड्या जागी दिसतात, ही त्या कथेची मोठी उणीव आहे. त्यांचे स्वतःचे राखीव क्षेत्र १९३८मध्ये झाले, तेही त्याच काठावर.

गावात घर, दुकान, रस्ता सारे गिरणीच्या मालक कंपनीचे. सडे कामगार कंपनीच्या बराकीत राहत आणि तिच्याच भटारखान्यात जेवत. कुटुंबवाल्यांना भाड्याने घरे मिळत. सायरस वॉकर यांनी अनेक दशके कारभार पाहिला. उतरत्या छपरांची पांढरी घरे, ईस्ट मचायसच्या धर्तीवरचे चर्च, मेनहून आणलेली एल्मची झाडे यांमुळे गाव पूर्वकिनाऱ्यावरून उचलून आणल्यासारखे वाटे. टेकडीवरच्या दफनभूमीत गुस्ताव्ह एंगलब्रेख्त हा अमेरिकी नौदलाचा खलाशी पुरला आहे. उत्तरेकडून आलेल्या हल्लेखोरांशी १८५६च्या चकमकीत तो मारला गेला.

१९६६मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. गिरणी बंद पडल्यावर इमारती पाडल्या गेल्या, पण पाण्यातले क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणून लावायचे डांबरी तेल) लावलेले खांब आणि तळाशी साचलेला लाकडाचा चुरा तसाच राहिला. शिंपले व मासे यांवर जगणाऱ्या स्क्लॅलमांना त्याचा सर्वाधिक त्रास झाला. मोठी सफाई २०१५नंतर झाली.